रात्री बारा ते सहा ही वेळ कोणालाही देऊ नका

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक व संचालक मंडळ,
नॅशनल हाय-स्पीड रेल कॉर्पोरेशन लिमिटेड
आणि
अध्यक्ष, रेल्वे बोर्ड, नवी दिल्ली

विषय : मुंबई–अहमदाबाद मार्गावरील रात्रीच्या देखभालीची वेळ लेखी नियमाने राखण्याबाबत

महोदय,

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गाचा गुजरातमधला पहिला टप्पा ऑगस्ट २०२७ मध्ये सुरू करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आहे. गाडीचा वेग, तिकिटाचा दर, स्थानकांचे आराखडे यांवर भरपूर बोलले जाते. आम्हाला बोलायचे आहे ते गाडी धावत नसते त्या वेळेबद्दल. जपानमध्ये शिंकान्सेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, सकाळी सहाला सुरू होते आणि रात्री बाराला थांबते. मधले सहा तास मार्ग रुळांच्या, तारांच्या आणि बोगद्यांच्या देखभालीसाठी असतो. हे सहा तास आपल्या मार्गावरही तसेच राखावेत, आणि तसा नियम पहिली प्रवासी गाडी सुटण्याआधी करावा, एवढ्यासाठी हे पत्र.

आधीच कशाला, असे कोणी विचारेल. कारण गाड्या सुरू झाल्या की दबाव येणार. शेवटची गाडी साडेबाराला सोडा, म्हणजे उशिराच्या विमानाने उतरणाऱ्यांची सोय होईल. पहिली गाडी पाचला सोडा, म्हणजे सुरतच्या व्यापाऱ्याला बाजार उघडायच्या आत मुंबईत बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) पोचता येईल. नवरात्रात रात्रभर चालवा. रात्री मार्ग रिकामाच पडून असतो, तर निदान पार्सलची गाडी तरी चालवा. यातली प्रत्येक मागणी सुटी पाहिली तर रास्त वाटते, आणि म्हणूनच ती नाकारणे अवघड जाते. मुंबईकराला याचा परिणाम माहीत आहे. लोकल रात्री जेमतेम काही तास थांबते, तेवढ्यात काम उरकत नाही, मग रविवारी मेगाब्लॉक घ्यावा लागतो. ताशी १०० किमीच्या मार्गावर हे कसेबसे निभावते. ताशी ३२० किमीच्या मार्गावर निभावणार नाही.

हे सहा तास जपानलाही सुरुवातीपासून आयते मिळाले नव्हते. टोकियो–ओसाका या पहिल्या शिंकान्सेन मार्गाच्या, म्हणजे तोकाइदो मार्गाच्या, मूळ आराखड्यात रात्री मालगाड्या चालवण्याचा विचार होता आणि त्यासाठीची थोडी बांधकामेही झाली होती. १ ऑक्टोबर १९६४ ला प्रवासी सेवा सुरू झाली, मालगाड्यांचा विचार मागे पडला आणि रात्र देखभालीकडे आली. त्याआधीचा तांत्रिक पाया १९५७ पासून घातला जात होता. त्या वर्षी मे महिन्यात रेल्वे तंत्र संशोधन संस्थेच्या अभियंत्यांनी टोकियोत जाहीर व्याख्यान दिले आणि टोकियो–ओसाका प्रवास तीन तासांत शक्य असल्याचे आकड्यांनिशी मांडले. तेव्हा सर्वांत वेगवान गाडीला साडेसात तास लागत. गाडीचा आकार तादानाओ मिकी यांनी, कंपनांचा प्रश्न तादाशी मात्सुदाइरा यांनी आणि सिग्नलची बाजू हाजिमे कावानाबे यांनी हाताळली. मात्सुदाइरा युद्धकाळात विमानांच्या पंखांच्या थरथरीवर काम करत असत. वेग वाढला की चाके रुळांवर डावी-उजवी सरपटू लागतात, ती हालचाल रूळ वाकडा असल्यामुळे होत नाही, चाकाच्या रुळावर टेकणाऱ्या पृष्ठभागाचा उतार आणि डब्याखालची चाकांची चौकट (बोगी) यांच्या रचनेतूनच ती उपजते, हे त्यांनी गणिताने दाखवले. म्हणून पहिल्या शिंकान्सेनच्या चाकांना १:४० इतका सौम्य उतार दिला गेला. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

मुख्य अभियंता हिदेओ शिमा आणि जपानी रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांनी ठरवले की नव्या मार्गावर एकही फाटक नसेल, जुन्या गाड्या येणार नाहीत, सिग्नल रुळाकाठी नसून चालकाच्या कक्षात दिसेल आणि गाडीतल्या प्रत्येक आसाला मोटर असेल. मोटरी अशा वाटून दिल्या की पुढे जड इंजिन लागत नाही आणि रुळावरचा भार कमी होतो. पहिल्या गाड्यांचा आसभार, म्हणजे एका आसावर येणारे वजन, १६ टन होता. आजच्या गाड्यांचा ११ टनांच्या आसपास आहे, कारण १९९२ पासून ॲल्युमिनियमची हलकी बांधणी आणि ब्रेक लावताना वीज परत तारेत पाठवणाऱ्या मोटरी आल्या. आसभार घटला की रुळाची झीज घटते आणि रात्रीचे काम हलके होते. गाडीच्या रचनेचे फायदे मोजताना विजेची बचत पुढे केली जाते, पण रुळाची बचतही तितकीच मोठी आहे.

एवढे करूनही पहिल्या दहा-बारा वर्षांतच तोकाइदो मार्ग थकला. १९६४ मध्ये तिथे मीटरला साधारण ५३ किलोचे रूळ होते आणि दोन्ही दिशांना मिळून दिवसाला ६० गाड्या होत्या. पुढे गाड्या कित्येक पटींनी वाढल्या. मातीचे भराव बसू लागले, रुळांच्या माथ्याखाली तडे दिसू लागले, ओव्हरहेड वायर वारंवार बिघडू लागली. रात्रीचे सहा तास पुरेनात. अखेर १९७६ ते १९८२ या काळात चाळीसहून अधिक वेळा ठरलेल्या दिवशी अर्धा दिवस सेवा बंद ठेवून रूळ, तारा आणि सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी जोडणी) बदलावे लागले. मीटरला ६० किलोचे रूळ आणि जड तारा तेव्हा बसल्या. आपल्या मार्गावर सुरुवातीला दर दिशेला दिवसाला ३५ फेऱ्यांचे नियोजन आहे, म्हणजे १९६४ च्या तोकाइदोपेक्षा थोडीच जास्त वाहतूक. पहिली काही वर्षे सगळे ठीक दिसेल. त्याच वर्षांत कोणीतरी म्हणेल की रात्रीची इतकी वेळ लागत नाही. तेव्हा ही नोंद समोर ठेवा.

आता सहा तासांत प्रत्यक्ष काय होते ते पाहू. शेवटची गाडी गेली की नियंत्रण कक्ष तो टप्पा वाहतुकीसाठी बंद झाल्याचे नोंदवतो. मग २५,००० व्होल्टची वीज तोडायची, ती तुटल्याची खात्री करायची, तार दोन्ही बाजूंनी जमिनीशी जोडायची आणि तसे लेखी कळवायचे. त्यानंतरच माणसे आणि यंत्रे मार्गावर येतात. देखभालीच्या तळावरून यंत्र कामाच्या जागी पोचायला वेळ लागतो, परतायलाही तितकाच. काम संपले की आत नेलेल्या प्रत्येक अवजाराची मोजणी होते. शेवटी खातरजमा करणारे वाहन संपूर्ण टप्प्यावरून फिरते आणि रुळावर काही राहिले आहे का, गाडीच्या वाटेत काही झुकले आहे का, हे पाहते. त्यानंतर वीज येते.

ढोबळ हिशोब असा : ३६० मिनिटांपैकी वीज तोडणे, जोडणी आणि परवानगी यांत ३५ मिनिटे, जाण्यात ३५, येण्यात ३५, अवजारांच्या मोजणीत १५, खातरजमेच्या फेरीत आणि वीज परत आणण्यात ४०. उरली २०० मिनिटे. आता वेळापत्रकातून एक तास काढून घ्या. आधीच्या १६० मिनिटांतले एकही मिनिट कमी होत नाही, सगळा तास कामाच्या २०० मिनिटांतून जातो. वेळ सहाव्या हिश्शाने कमी झाली असे कागदावर दिसते, पण काम तीस टक्क्यांनी घटते. मग घाई सुरू होते. घाईत सर्वांत आधी कापली जाते ती अवजारांची मोजणी आणि खातरजमेची फेरी, कारण त्यांतून दिसण्यासारखे काही निर्माण होत नाही. याच दोन गोष्टींवर पहाटेच्या पहिल्या गाडीची सुरक्षितता उभी असते.

आपल्याकडचा एक मोठा फरक लक्षात घ्यावा लागेल. ठाणे, वसई, पालघर या पट्ट्यात जून ते सप्टेंबर पाऊस असतो. भर पावसात रुळाचे वेल्डिंग करता येत नाही, भेगांत मॉर्टर भरता येत नाही, नवे काँक्रीट टाकता येत नाही. त्या चार महिन्यांच्या रात्री बहुतांशी निचऱ्याच्या वाटा मोकळ्या ठेवण्यात आणि पाहणीत जातील. दुरुस्तीच्या कामाच्या रात्री उरतात आठ महिन्यांच्या. सणासुदीची जादा वाहतूकही नेमकी याच आठ महिन्यांत जास्त असते.

कोणी म्हणेल की तोकाइदो मार्ग खडीचा आहे, आपला मार्ग काँक्रीटच्या स्लॅबचा आहे, त्याला देखभाल कसली? हा समज आम्हाला सर्वांत धोक्याचा वाटतो. आपल्या व्हायाडक्टवर (खांबांवरच्या उंच पुलावर) आधी सुमारे ३०० मिमी जाडीचा आणि २,४२० मिमी रुंदीचा काँक्रीटचा थर ओतला जातो. त्यावर साधारण दर ५ मीटरला ५२० मिमी व्यासाचा आणि २६० मिमी उंचीचा खुंट असतो, तो स्लॅबला पुढे-मागे वा बाजूला सरकू देत नाही. वर ४,९०० मिमी लांब, २,२०० मिमी रुंद, १९० मिमी जाड आणि ३.९ टन वजनाची कारखान्यात ओतलेली स्लॅब बसते. स्लॅब आणि खालचा थर यांच्यामध्ये सिमेंट आणि डांबर यांचे मॉर्टर भरतात. स्लॅब नेमक्या उंचीवर धरणे आणि धक्का पचवणे ही दोन्ही कामे हा पातळ थर करतो.

बिघाड इथूनच सुरू होतो. मॉर्टर ओतताना हवा अडकली, मिश्रण जास्त पातळ झाले किंवा उन्हात लवकर घट्ट होऊ लागले, तर स्लॅबखाली पोकळी राहते. पोकळीत पाणी शिरते. गाडी वरून गेली की स्लॅब किंचित दबते, पाणी जोराने बाहेर पडते आणि जाताना मॉर्टरचे कण घेऊन जाते. पोकळी वाढत जाते. जपानच्या थंड प्रदेशात हिमामुळे याच थराच्या कडा फुटत गेल्या. कोकणात हिम नाही, पण सलग पाऊस आणि उन्हात तापलेले काँक्रीट आहे. उपाय अवघड नाही : कडेला हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा, पोकळ वाटले तर स्लॅबच्या उचलीचे माप घ्यायचे, कोरड्या रात्री आतला भाग कोरडा करून राळ किंवा मॉर्टर दाबाने भरायचे. मात्र त्यासाठी माणसाला स्लॅबच्या कडेशी गुडघ्यावर बसायला वेळ मिळायला हवा. खडीच्या मार्गावर रूळ खचला तर खडी दाबून बसवणारे टॅम्पिंग मशीन एका रात्रीत तो उचलून देते. स्लॅबच्या मार्गावर रूळ धरणाऱ्या पट्ट्यांच्या जोडणीत मिळणारी काही मिलिमीटरची सोय संपली की काम फार किचकट होते. म्हणून स्लॅबच्या मार्गाची पाहणी अधिक नेमकी असावी लागते.

पाहणी कशाने करायची, यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे जुन्या सवयी घात करतात. रुळाचा उंचसखलपणा मोजायची रूढ पद्धत म्हणजे १० मीटरची दोरी ताणून मध्यावरचे अंतर मोजणे. आता यंत्रे मोजतात, पण तत्त्व तेच. ताशी ३०० किमी वेगाने गाडी सेकंदाला ८३ मीटर जाते. डब्याचे शरीर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा हेलकावते. म्हणजे डब्याला सर्वांत जास्त हलवणारी रुळाची लाट ५५ ते ८३ मीटर लांबीची असते. ७० मीटर लांबीच्या लाटेची खरी उंची १० मिमी असेल तर १० मीटरच्या दोरीला तिच्यातली जेमतेम १ मिमी दिसते. ४० मीटरच्या दोरीला तीच लाट १२ मिमी दिसते. दोष तोच, पण एका मापाने मार्ग उत्तम ठरतो आणि दुसऱ्याने दुरुस्तीला येतो. जपानने वेगवान मार्गांसाठी ४० मीटरचे माप म्हणूनच स्वीकारले. आपल्या देखभाल नियमावलीत हे माप पहिल्या दिवसापासून असावे.

मोजणीसाठी तोकाइदो आणि त्याला जोडून ओसाकापुढे जाणाऱ्या सान्यो मार्गावर सात डब्यांची पिवळी गाडी साधारण दर दहा दिवसांनी धावत असे आणि ताशी २७० किमी वेगाने रूळ, तार आणि सिग्नल तिन्ही तपासत असे. तिच्यातला एक संच जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाला. त्याची जागा नेहमीच्या प्रवासी गाड्यांत बसवलेली मोजणी-यंत्रे घेत आहेत, म्हणजे मोजणी जवळजवळ रोज होऊ शकते. आपण नव्याने सुरुवात करत आहोत, तर पहिल्या गाड्यांतच अशी यंत्रे बसवण्याची अट घालावी. दिवसा मोजलेले आकडे संध्याकाळपर्यंत रात्रपाळीच्या हाती पडले पाहिजेत. ते दहा दिवसांनी आले तर त्यांचा अर्धा उपयोग गेला.

रुळाच्या माथ्यावर रोज हजारो चाके त्याच बोटभर रुंदीवरून जातात. त्या दाबाने पोलादाचा वरचा पातळ थर थकतो आणि पृष्ठभागाखाली तडे सुरू होतात. तडा खोल गेला की रूळ बदलावाच लागतो. तो तसा खोल जाण्याआधीच ठरावीक काळाने मिलिमीटरचा दहावा भाग घासून काढला तर थकलेला थर निघून जातो, रुळाचे आयुष्य वाढते आणि गाडीचा आवाजही कमी होतो. घासणारे यंत्र रात्रीच चालते आणि सावकाश चालते.

तापमानाचा हिशोब तर आपल्याकडे जपानपेक्षा कडक. आपले रूळ २५ मीटरच्या तुकड्यांतून २०० मीटरचे जोडले जातात आणि पुढे अखंड होतात. मीटरला ६० किलोच्या रुळाला पसरायला जागा नसेल तर प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे १.९ टन बल साठते. ३० अंशांच्या फरकाला ते ५७ टनांवर जाते. शिवाय पुलाचे ४० मीटर लांबीचे गर्डरही तापतात आणि प्रत्येकी साधारण १२ मिमी लांबतात, त्यामुळे दोन गर्डरांच्या मधल्या फटीपाशी रूळ धरणाऱ्या पट्ट्यांवर वेगळाच ताण येतो. रूळ कापून, ठरलेल्या तापमानाला जितका असायला हवा तितका ताणून पुन्हा जोडण्याचे काम रात्री करावे लागते, कारण दिवसा रुळाचे तापमान मिनिटामिनिटाला बदलते. एक जोड नीट करायचा तर घाई चालत नाही. घाईत केलेल्या वेल्डच्या जागी काही दशांश मिलिमीटरचा खळगा राहतो आणि त्यावर प्रत्येक चाक हातोडीसारखे आदळते.

बोगद्यांबद्दल. बीकेसी ते शिळफाटा २१ किमीचा बोगदा आहे, त्यातले ७ किमी ठाणे खाडीखालून. पालघर जिल्ह्यात डोंगरातले बोगदे वेगळे. २७ जून १९९९ ला सान्यो मार्गावरच्या फुकुओका बोगद्यात सुमारे २०० किलोचा काँक्रीटचा तुकडा धावत्या शिंकान्सेनवर पडला. बोगदा तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांचा होता. कारण निघाले बांधकामाच्या वेळचे : काँक्रीट ओतण्यात खंड पडला, खालचा थर घट्ट होऊ लागल्यावर वरचा पडला आणि दोन्ही एकजीव झाले नाहीत. त्यानंतर जपानभर बोगद्यांचे अस्तर हातोडीने ठोकून तपासण्याची मोठी मोहीम निघाली. आपल्या बोगद्यांतले अस्तर अजून ओतले जात आहे किंवा ओतले जायचे आहे. प्रत्येक ओताची सुरुवात-शेवटाची वेळ, पंप बंद पडल्याच्या नोंदी आणि जागेचा किलोमीटर आत्ताच जपून ठेवा. वीस वर्षांनी रात्री कोणत्या जागी आधी ठोकायचे, हे त्या नोंदी सांगतील. खाडीखालच्या भागात खारे पाणी आहे, तिथे गळतीची प्रत्येक जागा नकाशावर हवी.

भूकंपाची व्यवस्था आपण घेतली आहे याचा आनंद आहे. २८ भूकंपमापकांपैकी २२ मार्गाकाठी आणि बाकीचे खेड, रत्नागिरी, लातूर, पांगरी, अडेसर आणि जुना भूज इथे बसणार आहेत. पण तिची मर्यादाही लोकांना सांगा. पहिली वेगवान लहर आणि नंतरची विध्वंसक लहर यांत ६० किमी अंतरावर साधारण सात सेकंद मिळतात. सात सेकंदांत जोरदार ब्रेकनेही वेग साधारण ताशी २५ किमीनेच कमी होतो. ११ मार्च २०११ च्या भूकंपाचे केंद्र समुद्रात दूर होते म्हणून जास्त वेळ मिळाला, आणि प्रवासी घेऊन धावणारी एकही शिंकान्सेन घसरली नाही. २३ ऑक्टोबर २००४ ला निइगातात केंद्र अगदी जवळ होते. ताशी २०० किमीच्या आसपास धावणारी गाडी घसरली, सुदैवाने कोणी दगावले नाही. त्यानंतर गाडी घसरलीच तर रुळापासून दूर जाऊ नये म्हणून जपानमध्ये बोगीला मार्गदर्शक पट्ट्या आणि काही मार्गांवर रुळाशेजारी रक्षक पट्ट्या बसवल्या गेल्या. त्या पट्ट्यांचे बोल्टही रात्रीच तपासायचे असतात.

गाड्यांच्या तपासणीची अंतरे जपानने अनेक वर्षे अशी ठेवली : दर दोन दिवसांनी साधी तपासणी, ३० दिवस किंवा ३०,००० किमीला सविस्तर, १८ महिने किंवा ६ लाख किमीला बोग्या उतरवून, आणि ३६ महिने किंवा १२ लाख किमीला गाडी पूर्ण उघडून. काही गाड्यांसाठी ही अंतरे नंतर वाढली, पण अनेक वर्षांच्या नोंदी हाती आल्यावर. आपणही याच अंतरांपासून सुरुवात करावी. चाकांचा १:४० उतार झिजत जातो तसा तीव्र होतो आणि मात्सुदाइरांनी दाखवलेली सरपट परत येते. आपल्याकडे रूळ जपानी मापाचे आहेत, सुरुवातीला ताशी २८० किमी डिझाइन वेगाच्या देशी गाड्यांची योजना आहे, पुढे जपानी गाड्या येतील, आणि सिग्नलसाठी युरोपीय पद्धत निवडल्याचे जाहीर झाले आहे. अशी मोट बांधता येत नाही असे नाही. तैवानने जानेवारी २००७ मध्ये जपानी गाड्या आणि जर्मन सांधे घेऊन मार्ग सुरू केला आणि तो चालतो आहे. पण वेगवेगळ्या घरांतून आलेले भाग जिथे भेटतात तिथे दोष कोणाचा, हा वाद होतो, आणि वाद मिटेपर्यंत रात्री वाया जातात. चाक आणि रूळ, तार आणि पेंटोग्राफ (तारेतून वीज घेणारा डब्यावरचा सांगाडा), सिग्नल आणि ब्रेक या तीन भेटींसाठी प्रत्येकी एकच जबाबदार अधिकारी नेमा, दोन्ही बाजूंचे आकडे त्याच्या हाती द्या.

माणसांच्या बाबतीतही एक नोंद. ११ डिसेंबर २०१७ ला हाकाताहून टोकियोला निघालेल्या नोझोमी गाडीत कर्मचाऱ्यांना जळका वास आला, ओकायामाला चढलेल्या देखभाल तपासनिसांना खालून विचित्र आवाज ऐकू आला. तरी गाडी पुढे ओसाका ओलांडून नागोयापर्यंत गेली. तिथे पाहिले तर बोगीच्या चौकटीला तडा गेला होता, आणि वरच्या बाजूला सुमारे ३ सेंमी धातू शिल्लक होता. चौकट बनवताना तळाची पट्टी जास्त घासली गेली होती. किमान ७ मिमी हवी तिथे ती ४.७ मिमी उरली होती. कारखान्यातली चूक तपासण्यांतून निसटली, आणि धावत्या गाडीतली शंका नियंत्रण कक्षापर्यंत नीट पोचली नाही. गाडी थांबवावी असे स्पष्ट शब्दांत म्हणायची जबाबदारी प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडली होती. आपल्या नियमावलीत चालक, गार्ड, तपासनीस किंवा रुळावरचा कर्मचारी, कोणीही एकाने शंका घेतली की गाडी थांबेल, आणि शंका खोटी निघाली तरी त्याला विचारणा होणार नाही, असे लिहा. आपल्याकडे उशिराचा जाब खालच्या माणसाला द्यावा लागतो. ती रीत इथे चालू देऊ नका.

१९६४ पासून आजवर शिंकान्सेन घसरून वा धडकून एकाही प्रवाशाचा मृत्यू झालेला नाही. १९९५ मध्ये मिशिमा स्थानकात दारात अडकून एका विद्यार्थ्याचा जीव गेला, तेवढा एक डाग आहे आणि तो लपवू नये. तोकाइदोवर गर्दीच्या तासाला १७ गाड्या, १६ डब्यांत १,३२३ आसने, टोकियो–ओसाका अडीच तासांच्या आत, आणि बहुतेक वर्षी दोन मिनिटांहून कमी सरासरी उशीर, हे सगळे त्या सहा तासांच्या जिवावर उभे आहे. रात्रीची शांतता मार्गाकाठच्या माणसांचाही हक्क आहे. नागोयाच्या रहिवाशांनी १९७४ मध्ये आवाज आणि कंपनांवरून दावा लावला, तो १९८६ मध्ये तडजोडीने मिटला. दरम्यान १९७५ मध्ये वस्तीसाठी ७० डेसिबलची मर्यादा ठरली. ठाणे आणि पालघरच्या गावांनी या मार्गासाठी जमीन दिली आहे. त्यांना रात्री बारानंतर झोप मिळेल याची हमी या नियमातून आपोआप मिळते. अर्थात घासणारी यंत्रेही आवाज करतात, तेव्हा वस्तीजवळच्या कामाची तारीख ग्रामपंचायतीला आधी कळवावी.

आम्हाला नियम असा हवा. रात्री बारा ते सकाळी सहा प्रवासी वा माल कोणतीही वाहतूक नाही. अपवाद करायचा तर रेल्वे सुरक्षा आयुक्तांची लेखी संमती लागेल. हे कार्यालय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे, त्यामुळे रेल्वेवरच्या दबावापासून ते थोडे लांब राहते. अपवादाच्या रात्री बुडालेले काम कोणत्या रात्री भरून काढणार, हे त्याच कागदावर लिहिलेले असावे. शेवटची गाडी उशिरा आली तर त्या रात्रीचे काम आखडते घ्यावे किंवा रद्द करावे, पण खातरजमेची फेरी आणि अवजारांची मोजणी कधीही कापू नये. फेरी पूर्ण झाली नसेल तर पहिली गाडी सुटणार नाही, मग तिच्यात कोणीही बसलेले असो. दर महिन्याला किती रात्री मिळाल्या, प्रत्येक रात्री कामाची निव्वळ मिनिटे किती आणि ४० मीटरच्या मापाने किती जागा दुरुस्तीला आल्या, हे तीन आकडे जाहीर व्हावेत. महाराष्ट्रातल्या १५६ किमीसाठी ठाण्याच्या डेपोवर सगळा भार न टाकता पावसाळ्यात रस्ता बंद झाला तरी पोचता येईल असे देखभालीचे तळ मध्ये असावेत, आणि तिथल्या रात्रपाळीची पदे कायम कर्मचाऱ्यांची असावीत. स्लॅब बसवण्याचे जपानी प्रशिक्षण घेतलेले अभियंते बांधकाम संपल्यावर विखुरले तर ते ज्ञान पुन्हा विकत घ्यावे लागेल. त्यांच्यातल्या इच्छुकांना आत्ताच देखभालीत सामावून घ्या.

पहिल्या टप्प्याच्या सुरक्षा तपासणीसाठी आपण जी कागदपत्रे सादर कराल, त्यांत हा नियम जोडलेला असावा आणि त्याची प्रत मराठी, गुजराती व हिंदीत आपल्या संकेतस्थळावर असावी. या पत्रातल्या मापांवर, मोजणीच्या पद्धतीवर किंवा पावसाळ्यातल्या कामाच्या वेळापत्रकावर चर्चा करायची असल्यास आम्ही तयार आहोत.

आपले,
रूळ, गाड्या, विद्युत आणि सिग्नल या विभागांत काम केलेले काही मराठी अभियंते